खंडेनवमीला दोन प्रोसेसर

ज्या दिवशी मी त्या दुकानदाराला "भाच्यासाठी हवाय" असं सांगितलं, त्या दिवशी मला भाचा नव्हता आणि आजही नाही. भावाला दोन मुली आहेत आणि दोघींनाही कॉम्प्युटरचं काडीचं वेड नाही. पण मी दुकानात शिरले आणि त्या माणसाने आधी माझ्या मागे बघितलं. मुलगा कुठे राहिला, असा त्याचा चेहरा. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला कॉलेजची पिशवी, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला, आणि मागतेय काय, तर गेमिंगचा कॉम्प्युटर. "मुलासाठी का, मॅडम?" असं त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून भाचा बाहेर पडला. मुलगा म्हटलं असतं तर इयत्ता, क्लास, मार्क असं सगळं निघालं असतं. भाचा जरा लांबचा, त्याची चौकशी कमी. हा विचार मी तेव्हा केला होता असं म्हणायला मला आवडलं असतं, पण खरं म्हणजे मी घाबरले.

कॉम्प्युटर मला हवा होता. खेळायला.

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप आमच्याकडे राहिला. एका दुपारी मी त्याच्यावरची धूळ पुसायला बसले. विमानतळाचं काम सुरू झाल्यापासून पनवेलमध्ये धूळ पुसणं हा अर्धवेळ धंदाच झालाय. पुसता पुसता तो उघडला आणि आत मुलीने अर्धवट टाकलेला एक खेळ सापडला. एक तलवारवाली बाई, एक घोडा, आणि लांबच लांब डोंगर. बाईला ना घर ना दार, ना स्वयंपाक ना पाहुणे. मी तिला दहा मिनिटं नुसतं घोड्यावरून फिरवलं आणि मग चार वाजले. तेव्हापासून मी रोज खेळते. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सकाळची पाळी असते, दीडला घरी येते, दोन ते चार सासूबाई झोपतात. ते दोन तास माझे.

अडचण अशी होती की त्या डोंगरात एक खिंड आहे आणि खिंडीत एक ड्रॅगन बसलेला आहे. तो पंख उघडू लागला की आमच्या लॅपटॉपला दम लागायचा. आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, चित्र जागच्या जागी गोठायचं, आणि पुन्हा हललं की मी जळून पडलेली असायचे. अडीच वर्षं मी त्या एकाच खिंडीत मरत होते. शेवटी मुलीला विचारलं. तिने मेसेजवर कळवलं की आई, तुझी चूक नाही, प्रोसेसर जुना झालाय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण माझी चूक नाही असं मला लेखी देणारी ती पहिलीच. मी तो मेसेज अजून पुसलेला नाही.

आता एवढ्यासाठी खोटं बोलायचं काय कारण, असं कोणीही विचारील. कारण म्हणजे माझ्या सासूबाई. त्या उरणच्या कोळीवाड्यातल्या. सासरे समुद्रावर, तीन मुलं घरी, आणि ह्या बाई चाळीस वर्षं पहाटे बंदरावर जाऊन मासळी उचलत आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात विकायला बसत. गुडघे गेल्यावर नाइलाजाने आमच्याकडे पनवेलला आल्या. घरात कोणी नुसतं बसलेलं दिसलं की त्या विचारतात, "बरा नाय काय?" बसणं हा त्यांच्या लेखी आजार आहे. अशा बाईसमोर "मी रोज दोन तास खेळते, आणि आता खेळण्यासाठी नवीन यंत्र आणणार आहे" हे वाक्य उच्चारायची माझी छाती नव्हती. मला ते म्हणायचं मात्र होतं. एकदा तरी कोणासमोर तरी, हे माझ्यासाठी हवंय, असं सरळ म्हणायचं होतं. तेवढं एक वाक्य मला जमत नव्हतं आणि त्याची मला स्वतःचीच चीड यायची.

म्हणून घरी मी वेगळं खोटं सांगितलं. ग्रंथालयाची सूची आता घरी बसून करायची आहे, त्याला चांगला कॉम्प्युटर लागतो. नवरा द्रोणागिरीला एका गोदामात पाळ्या करतो, त्याने डोळे न उघडता विचारलं की त्यावर एक्सेल चालेल ना. मी चालेल म्हटलं. मग ठीक, असं म्हणून तो कुशीवर वळला. कॉलेजच्या कामाचा कॉम्प्युटर स्वतःच्या पगारातून का, हे कोणी विचारलं नाही. कॉलेजांविषयी आमच्या घरात इतकं वाईट मत आहे की ते सगळ्यांना पटलं.

तर दुकान. टपाल नाक्याजवळचं, दहा बाय बाराचं, आणि मालक तिशीतला, शिरढोणचा. बाकीचं सगळं त्याने एका बैठकीत ठरवून टाकलं. धुळीसाठी जाळीवाला डबा, बरा स्क्रीन, हे घ्या, ते नको. मग त्याने काचेवर दोन पेट्या ठेवल्या, एक लाल आणि एक निळी, आणि म्हणाला की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तुमच्या बजेटात हे दोन बसतात, दोन्ही चांगले, कोणता ते भाच्याला विचारून सांगा.

इथे माझा नाश झाला. माझा धंदाच सारख्या वस्तूंतला फरक शोधण्याचा आहे. एकाच विषयावरची, एकाच जाडीची, एकमेकांवरून उतरवल्यासारखी दोन पुस्तकं माझ्यासमोर ठेवा, मी त्यांना दोन वेगळे क्रमांक देऊन फडताळात बसवून दाखवते. पण हे दोघे एकाच क्रमांकावर बसत होते. ह्यालाही सहा कोअर, त्यालाही सहा कोअर. म्हणजे एका मेंदूत सहा मेंदू. लाल थोडा थंड डोक्याचा, निळा थोडा चपळ. लालच्या बोर्डावर पुढेमागे याहून भारी मेंदू बसवता येतो, निळ्याच्या बोर्डाचं तसं नक्की सांगता येत नाही. निळ्याच्या नावापुढे एक इंग्रजी अक्षर असलं तर त्याला स्वतःची चित्रं दाखवता येत नाहीत, नसलं तर येतात. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, आई, दोन्ही सारखेच आहेत, कोणताही घे. ही पोर माझीच का, असं मला वाटलं.

मग मी व्हिडिओ बघू लागले. दुपारचे दोन तास ड्रॅगनचे होते, ते आता ह्या मेंदूंचे झाले. देशभरातली पंचविशीतली पोरं खुर्चीत बसून, मागे निळेजांभळे दिवे लावून, वीस-वीस मिनिटं ह्या दोघांची तुलना करतात. ह्या खेळात हा चार पावलं पुढे, त्या खेळात तो तीन. हा तापतो, तो वीज खातो. मी ग्रंथालयातली जुनी सूचीची कार्डं घरी आणली होती, त्यांच्यावर सगळं टिपून घ्यायचे, लालची वेगळी, निळ्याची वेगळी. आणि शेवटी प्रत्येक पोरगा, अगदी प्रत्येक, हात जोडून म्हणायचा की शेवटी हे तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. अरे मेल्या, माझी गरज मला कळली असती तर तुझं तोंड कशाला बघितलं असतं? व्हिडिओच्या खाली लोक भांडत ते वेगळंच. एकाने लिहिलं होतं की निळा घेणाऱ्यांवर आईबापांनी संस्कार केलेले नसतात. मी ते भांडण खालपर्यंत वाचलं. शेवटी दोघांनी एकमेकांच्या गावांची नावं घेतली, प्रोसेसरबद्दल मात्र काही निष्पन्न झालं नाही.

अधूनमधून मी दुकानात जायचे आणि एखादी नवी शंका काढायचे. मी जायचे त्या प्रत्येक वेळी भाचा थोडा मोठा व्हायचा. तिसऱ्या खेपेला तो इंजिनिअरिंगला गेला. चौथ्या खेपेला तो नेऱ्याला राहायला गेला, म्हणजे त्याला दुकानात आणा असं कोणी म्हणू नये. पाचव्या खेपेला दुकानदाराने विचारलं की तो खेळतो तरी काय. ह्या प्रश्नाची मी इतके दिवस वाट बघत होते हे मला तेव्हा कळलं. मी त्याला तो डोंगर सांगितला, ती खिंड सांगितली, ड्रॅगन आधी डावा पंख उचलतो आणि तेवढ्यात घोडा दगडाआड घ्यावा लागतो हे काउंटरवरच्या दोन माउसांच्या साहाय्याने दाखवलं. बोलता बोलता हात खाली आले तेव्हा दुकानदार माझ्याकडे टक लावून बघत होता. "असं तो सांगतो," मी म्हणाले.

दुकानदाराने विचारलं की किती दिवस झाले त्या ड्रॅगनला. अडीच वर्षं, मी म्हटलं. तो थोडा विचार करून म्हणाला, "भाचा जरा स्लो आहे का, मॅडम?"

मला इतका राग आला की कान गरम झाले. मी भाच्याची बाजू घेतली. म्हटलं, त्याचा लॅपटॉप जुना आहे, जुन्या लॅपटॉपवर तुम्ही स्वतः त्या खिंडीत जाऊन बघा. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या दुकानदाराशी भांडत होते आणि रिक्षातून उतरताना पिशवी विसरले. रिक्षावाल्याने हाका मारल्या म्हणून मिळाली.

नवरात्र उजाडलं तरी माझं ठरेना. सहाव्या खेपेला त्या माणसाने माझ्यापुढे हात टेकले. दोन्ही पेट्या पिशवीत घालून म्हणाला, "मॅडम, दोन्ही घेऊन जा. भाच्याला हातात घेऊ दे. दसऱ्याला सकाळी दुकान उघडतो, मुहूर्तावर जोडून देतो. एक परत आणा. फक्त सील फोडू नका, सील फुटलं की कंपनी परत घेत नाही." एका ग्रंथालयवालीवर एवढा विश्वास कोणी टाकला नव्हता. मी दोन्ही पेट्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवल्या. सासूबाईंनी विचारलं काय गो आनलास, तेव्हा मी म्हटलं, कामाच्या कॉम्प्युटरचे मेंदू आहेत, हात लावू नका.

आमच्याकडे हत्यारांची पूजा खंडेनवमीला होते. सासूबाई आल्यापासून ती त्याच करतात. त्यांचा मासे कापायचा कोयता, लाकडाचा ठोकळा, घासून घासून पातळ झालेली ॲल्युमिनियमची पाटी. ह्या वस्तू वर्षभर माळ्यावर असतात आणि त्या दिवशी खाली उतरतात. मग नवऱ्याची स्कूटरची किल्ली, मोजायची टेप, घरातला पाना-पकड. सगळ्यांना हळद-कुंकू, सगळ्यांवर झेंडू. त्या दिवशी सकाळी मी फुलं आणायला बाजारात गेले होते. झेंडूच्या ढिगापुढे, लाल की निळा, हेच चाललेलं होतं डोक्यात. फुलवालीने दोनदा विचारलं, बाई, पिवला का भगवा, आणि मला त्याचंही उत्तर देता येईना. दोन्ही घेतले.

घरी आले तर पूजा मांडून झालेली. पाटावर लाल कापड, कोयता मधोमध, पाटी उभी करून मागे टेकवलेली. आणि सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जागी, विड्याची दोन पानं. एका पानावर लालचा मेंदू आणि दुसऱ्यावर निळ्याचा. काडेपेटीपेक्षा लहान, रुपेरी, चौकोनी. दोघांच्या कपाळावर, म्हणजे जिथे कंपनीचं नाव कोरलेलं असतं तिथे, हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट, आणि वर तांदळाचे दाणे. लालच्या पोटाला केसांसारख्या बारीक सोनेरी पिना असतात, त्या पानात अलगद रुतल्या होत्या. शेजारी पेट्या नीट घडी करून ठेवलेल्या. सील कोयत्याने कापलेलं होतं, एका रेषेत, जराही न फाटता. चाळीस वर्षांचा हात.

मी मटकन खाली बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरा नाय काय?"

मी विचारलं की पेट्या का फोडल्या. त्यांना प्रश्नच समजला नाही. बंद पेटीची पूजा व्हते काय, देवाला आत दिसाला नको काय, असं त्यांचं म्हणणं. बरं, मग एक तरी बंद ठेवायचा. तर म्हणे, येकाला लावला नि दुसऱ्याला नाय, त दुसऱ्याला काय वाटल? दोन्ही सील फुटली होती. मी सहा आठवडे ज्याचा काथ्याकूट करत होते तो प्रश्न ह्या बाईंनी दोन बोटांत निकालात काढला होता, आणि तोही असा की आता दोन्ही माझ्या गळ्यात. मला रडू यायला लागलं आणि त्यातच हसूही. आवाज न चढवता मी एवढंच म्हणाले की आई, मी हात लावू नका म्हटलं होतं.

त्यांनी निरांजनाची वात सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दर साली सगल्यांची हत्यारा ठेवतंय. तुजा म्हनून पोलपाट-लाटना ठेवतंय. ते काय तुजा हाय? ते घराचा हाय. या साली पयल्यांदा तुजा सोताचा काय तरी घरात आला. मंग मी ते कपाटात ठेवू?"

दरवर्षी त्या पाटावर पोळपाट-लाटणं असायचं खरं, आणि ते माझ्या नावाचं आहे हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मग ते वाक्य आपोआपच बाहेर आलं. ज्याची मी वेगवेगळ्या प्रस्तावना घालून उजळणी केली होती ते, प्रस्तावनेशिवाय. "आई, ते कॉलेजच्या कामाचं नाही. मला खेळायला हवंय."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते असं. दुपारी त्यांना झोप लागत नाही, कधीच लागली नाही. चाळीस वर्षं दुपारी बाजारात उन्हात बसलेल्या बाईला दुपारची झोप कुठून येणार? मी आत निवांत बसावं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. आणि मी भिंतीपलीकडे बसून मोठ्याने "मेले, मेले" म्हणते. पहिल्या दिवशी त्या घाबरून उठल्या होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की ही रोज मरते आणि चारला उठून चहा करते, तेव्हा काही काळजीचं नाही.

अडीच वर्षं. मी दबक्या पावलांनी चालायचे, दार हळू लावायचे, आणि पलीकडे ही बाई झोपेचं सोंग घेऊन माझं मरण ऐकत होती. मला लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल खूप माया वाटली. मी उठून झेंडूचे हार करायला घेतले.

दसऱ्याला सकाळी त्या दुकानात माझ्याबरोबर आल्या. सील मी फोडला, मीच बोलतंय, असं म्हणून. नवी साडी नेसल्या, गुडघ्याला पट्टा बांधला, आणि ते दोन मेंदू पानांसकट, हळद-कुंकवासकट, एका स्टीलच्या डब्यात घालून डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसल्या. मी पानं काढू या म्हटलं तर नाय म्हणाल्या, पिना वाकतील. पिनांचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून बघितलं होतं.

दुकानदाराने डबा उघडला आणि आत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, हे भाच्याने केलं?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी त्याचं गाव विचारलं. शिरढोण म्हटल्यावर तिथल्या कोणत्या आळीतला, आई कोणाची लेक, हे सगळं काढून घेतलं, आणि तो, जो माझ्याशी सहा आठवडे अर्ध्या इंग्रजीत बोलत होता, तो हाय-नाय करत त्यांच्याशी बोलू लागला. त्या म्हणाल्या की फुटलेला परत घेव नको, मी पन हात लागलेला मासा कदी परत घेतला नाय, धंद्याचा कायदा हाय, आमी दोनी ठेवतो. मी त्यांच्या बाहीला धरलं. पण दुकानदारानेच मान हलवली. तो म्हणाला की आजी, रोज दहा कॉम्प्युटर जोडतो, सगळे पेटी फोडूनच जोडतो. कंपनी परत घेणार नाही, पण उरलेला मी दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरमध्ये बसवून देईन, पूजा झालेला म्हणून गिऱ्हाईक आणखी खूश होईल. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "बोला मॅडम. भाच्याने कोणता ठरवला?"

"कनचा भाचा?" सासूबाई म्हणाल्या.

दोघंही माझ्याकडे बघत होते. "भाचा नाही," मी म्हणाले. "मी खेळते. तो ड्रॅगनही माझाच."

दुकानदाराचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो माझ्याकडे बघून कसली तरी उजळणी करत होता. मग खाली मान घालून म्हणाला, "सॉरी मॅडम. ते स्लोचं."

मी त्याला माफ केलं आणि पिशवीतून कार्डं काढली. सवयच. लालच्या बोर्डाचं पुढे काय होईल ते पुन्हा एकदा नीट विचारू या, असं मी म्हणत होते. सासूबाईंनी ती कार्डं बघितली, मग दुकानदाराला विचारलं की दोनी चालतात काय. दोन्ही चालतात, तो म्हणाला. मंग आमची सून का निवडत नाय, त्यांनी विचारलं. त्याने हात वर केले. मी म्हटलं, आई, चूक व्हायला नको म्हणून. दोन सुरमया सारख्या असल्या की तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगायचात? त्या म्हणाल्या की जिला पयला हात लावलास ती घे, निवडत बसशील तवर दोनी नरम पडतील. तरी माझा हात पुढे जाईना.

तेव्हा त्या स्टुलावर बसल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात, जणू दुकानात दुसरं कोणी नाहीच, म्हणाल्या, "चालीस वर्सा चांगला मासा इकला. उरला त्यो घरी नेला. पोरानी तोच खाल्ला, मी पन तोच खाल्ला. लेकीचा उरलेला लॅपटॉप तू घेऊन बसतस ते मना दिसतं गो. उरलेला खायाची सवय लागली का मानूस निवडाया घाबरतं."

दुकानदार काउंटरखाली काहीतरी शोधू लागला. मी कार्डं पिशवीत टाकली आणि निळ्यावर बोट ठेवलं. कशासाठी निळा, हे मला आजही सांगता येणार नाही. दुकानदाराने स्पिरिटच्या बोळ्याने त्याच्या कपाळावरची हळद पुसली. पुसू का, म्हणून आधी सासूबाईंना विचारलं, आणि मगच पुसली.

त्या दुपारी आम्ही खिंडीत गेलो. चित्र गोठलं नाही. ड्रॅगनने डावा पंख उचलला तो मी पहिल्यांदाच पूर्ण उचललेला बघितला. त्याच्या पंखाच्या आत शिरा होत्या, त्यातून ऊन येत होतं, आणि ते बघत राहिल्यामुळे मी जळून मेले. आता प्रोसेसरचं नाव सांगायची सोय राहिली नव्हती. सासूबाई शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या, पलंगावर झोपल्या नव्हत्या. घोडा आधीच का नाय पलवलास, असं त्यांनी विचारलं. मी चिडून म्हटलं, तुम्ही खेळा. त्या म्हणाल्या, मना नको, तू मर.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना पनवेलच्याच उरण नाक्याच्या मासळी बाजारात घेऊन गेले. रोजचं मी एकटीच आणते, मांदेली, बोंबील, जे असेल ते. मी त्यांना म्हटलं, आई, आज पापलेट घेऊ या, तुमच्यासाठी, तुम्हाला आवडेल ते निवडा. विकणाऱ्या बाईने दोन पापलेट पुढे ठेवले. एकाच अंगाचे, चंदेरी, दोघांचे डोळे स्वच्छ. मला वाटलं, ह्या बाईला काय, एका नजरेत सांगतील.

त्यांनी एक उचलला, कल्ला उघडून बघितला, खाली ठेवला. दुसरा उचलला. पोटावर अंगठा दाबला. पहिला पुन्हा उचलला. मागे गिऱ्हाइकं थांबली होती. मासेवाली म्हणाली, आजी, दोनी सारकेच हायत, कनचा बी घेव. त्यांनी ऐकलं नाही. दोन्ही हातांत एक-एक पापलेट धरून त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी पंचवीस वर्षांत तिथे कधी बघितलं नव्हतं. त्या गोंधळल्या होत्या.

"कनचा घेव गो?"

मी मागच्या गिऱ्हाइकांना पुढे जायला सांगितलं आणि म्हटलं, "बघा निवांत, आई. घाई नाही."